खेळून आलेल्या मुलांचा खाऊ

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेळून आलेल्या मुलांस खावयास काय द्यावे, या विषयावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा शेजारी बसलेल्या दोघीतिघी हसल्या. त्यांचे काही चुकले नाही. मुलांना काय खाऊ घालावे हे बायकांस सांगावयाचे म्हणजे मासोळीला पोहणे शिकविण्यासारखे आहे. पण आपल्या घरी आपल्या मुलास वाढणे वेगळे आणि मैदानावर पंधरा जणींची पंधरा मुले रांगेत बसवून त्यांच्या हातावर काही ठेवणे वेगळे. घरी ज्याची जी खोड ती आपणांस ठाऊक असते. मैदानावर तसे नसते. शिवाय गेले दोन महिने या खाऊवरून आपल्या मंडळात जी कुजबुज चालली आहे, ती येथे बसलेल्या प्रत्येकीच्या कानी गेली आहे. जिन्यात बोलण्यापेक्षा सभेत बोललेले बरे, म्हणून मी हो म्हटले.

आपल्या सेक्टराच्या मैदानावर हल्ली संध्याकाळी पाय ठेवावयास जागा नसते. एका कोपऱ्यात खोखो, मधे क्रिकेट, पलीकडे फुटबॉल. मुले सहा ते बारा वर्षांची. पूर्वी यांत मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या असत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खोखोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी येथेच, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक घेतला. त्या रात्री आपल्यापैकी कितीजणी मध्यरात्रीपर्यंत जाग्या होत्या ते मी विचारत नाही. एवढे मात्र खरे की, त्यानंतर ज्या आया "मुलीच्या जातीला हे कशाला" म्हणत होत्या, त्याच मुलीचा हात धरून मैदानावर येऊ लागल्या. मुले वाढली, तसा खाऊचाही प्रश्न वाढला.

आता पहिली गोष्ट. खेळून आलेल्या मुलास सर्वांत आधी काय हवे असते? पाणी. खाऊ नंतर. खोखोचा लहान मुलांचा एक डाव सातआठ मिनिटांचा. दोन्ही बाजूंचे सगळे डाव धरले तरी सामना अर्ध्यापाऊण तासात आटोपतो. एवढ्या खेळाने अंगातील शक्ती संपून मूल गळून जात नाही. आपल्या नवी मुंबईची हवा खाडीकाठची, दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि मूल तहानेने कासावीस होते. तोंड लाल होते, चिडचिड होते. आपण म्हणतो, "भूक लागली असेल." भूक नसते, तहान असते. आधी पाणी द्यावे, दहा मिनिटे सावलीत बसवावे, मग विचारावे. पुष्कळदा अर्धी भूक पाण्यानेच जाते. खेळ चालू असतानाही पंधरावीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजावेत. "खेळताना पाणी पिऊ नये, पोटात कळ येते" असे आपल्या लहानपणी सांगत. गटागटा तांब्याभर प्याल्यास येते, हे खरे. घोटाघोटाने प्याल्यास येत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपली मुले साडेसहाला मैदान सोडतात आणि आठाला घरी ताटावर बसतात. मध्ये दीड तास. तेव्हा मैदानावरचा खाऊ हा जेवण नव्हे, आणि फराळही नव्हे. तो जेवणापर्यंतचा आधार आहे. एक केळे आणि मूठभर दाणे, की झाले. ज्या दिवशी मैदानावर पोटभर झाले, त्या दिवशी घरची पोळीभाजी तशीच राहते, आणि रागे कोण भरते? आपणच. दिवसभराच्या स्पर्धा असतील, एका दिवसात तीन-तीन सामने असतील, तर गोष्ट निराळी. तेव्हा दोन सामन्यांच्या मध्ये हलके, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे लागते, आणि शेवटचा सामना संपल्यावर उसळ, थालीपीठ, दहीभात असे काही पोटभरीचे लागते.

आता पिण्याचे पदार्थ. येथे मला जरा अधिक बोलू द्या, कारण सगळ्यांत जास्त फसवणूक येथेच होते.

बाटलीतील रंगीत, फसफसणारे पेय मुलांना आवडते. आवडणारच. पण बाटलीवरची बारीक अक्षरे एकदा वाचून पाहा; ती वाचावयास माझ्यासारखीचे सातवीचे शिक्षण पुरते. शंभर मिलिलिटरमध्ये साखर किती, एवढाच आकडा शोधावयाचा. नेहमीच्या कोला पेयात तो दहा-साडेदहा ग्रॅम असतो. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमांहून अधिक, आपल्या चहाच्या चमच्याने सात-आठ चमचे. आपण चहात मुलाला सात चमचे साखर घालून देऊ का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावा. आठनऊ वर्षांच्या मुलास १७०० उष्मांक लागतात असे धरले, तर हा वाटा चाळीस ग्रॅमांच्या आसपास येतो. त्यातले तीस एका बाटलीतच संपले. मग सकाळचे दूध, दुपारचा लाडू, सगळे राहिलेल्या दहा ग्रॅमांत बसवा!

त्याहून वाईट गोष्ट औषधाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पाण्याची. जुलाब झालेल्या मुलास आपण क्षारसंजीवनी देतो, ओआरएस म्हणतो ते. तिचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहे. त्यात लिटरभर पाण्यास ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. पण हेच ओआरएस नाव मोठ्या अक्षरांत छापून, आत त्याच्या कित्येक पट साखर घातलेली पाकिटे वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानांत मिळत होती, आणि आया ती चांगली म्हणून मैदानावर आणीत होत्या. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या बाई याविरुद्ध कित्येक वर्षे एकट्या झगडत होत्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हुकूम काढला की, ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे नसलेल्या कोणत्याही पेयावर ओआरएस हे नाव घालता येणार नाही. एका बाईने चिकाटी धरली की काय होते ते पाहा. आता नाव गेले असले तरी पेये गेलेली नाहीत, निराळ्या नावांनी ती मिळतील. तेव्हा नाव न वाचता साखरेचा आकडा वाचावा. आणि खरी क्षारसंजीवनीसुद्धा जुलाब-उलटीसाठी आहे. अर्धा तास खोखो खेळलेल्या धडधाकट मुलास ती लागत नाही. 'शक्ती देणारे' म्हणून जे उत्तेजक पेय डब्यांतून मिळते, त्यावर तर मुलांना व गर्भवतींना देऊ नये असे छापलेलेच असते. ते मैदानाच्या फाटकाच्या आतदेखील येता कामा नये.

मग द्यावे काय? साधे पाणी, आणि हौस म्हणून लिंबाचे सरबत. पंधरा मुलांसाठी तीन लिटर पाणी, सहा-सात रसदार लिंबे, लहान वाटीभर साखर आणि दीड सपाट चमचा मीठ. साखर कमी वाटेल, वाटू द्या. दोन वेळा कुरकुर होते, तिसऱ्यांदा मुले मागून घेतात. उन्हाळ्यात कोकम सरबत. कोकम आगळ रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर बहुतेकींच्या घरी येतेच. त्यात मीठ आधीच असते, तेव्हा वरून घालताना चव घ्यावी. कैरीचे पन्हे मे महिन्याच्या शिबिरासाठी उत्तम. ताक फार चांगले, पण ते नेताना उन्हात आंबते आणि नाके मुरडली जातात, म्हणून ते घरीच द्यावे. बर्फ मात्र गाडीवरचा घेऊ नये. नळाचे पाणी आपल्याला मोरबे धरणाचे, शुद्ध केलेले येते. गाडीवरचा बर्फ कोठल्या पाण्याचा, कोणत्या पोत्यात गुंडाळून आला, हे बर्फवालाही सांगू शकणार नाही. माठातले पाणी घेऊन निघावे.

आता खाण्याचे. या बाबतीत मी केळ्याची कैवारी आहे, हे आधीच सांगून टाकते. केळे धुवावे लागत नाही, कापावे लागत नाही, ताटली लागत नाही. देवाने त्याला वेष्टन घालूनच पाठविले आहे. मध्यम केळ्यात शंभराच्या आसपास उष्मांक, शिवाय पोटॅशियम. मुलाच्या मळक्या हातांचा स्पर्श आतल्या गराला होत नाही, हा सर्वांत मोठा गुण. मैदानावर साबण कोठून आणणार? लहान मुलांना वेलची केळी द्यावीत, मोठे केळे अर्धे खाऊन टाकतात. आपण तर बाजाराच्या दारात राहतो. मुंबईचा फळबाजार १९९६ मध्ये इकडे आला, आणि जळगावची केळी, नागपूरची संत्री, जालन्याची मोसंबी आपल्या उंबऱ्याशी उतरतात. चौघींनी मिळून घेतले तर सोसायटीच्या फाटकावरील भावापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. हिवाळ्यात संत्री घ्यावीत. इंग्लंडात फुटबॉलच्या मध्यंतरास मुलांना संत्र्याच्या फोडी देण्याची जुनी चाल आहे म्हणतात. आपल्याकडे संत्री पिकतात आणि आपण मुलांच्या हाती संत्र्याच्या रंगाचे पाणी देतो, ही गंमतच म्हणावयाची.

केळ्याच्या जोडीला दाणे. शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिने असतात, म्हणजे मुलाच्या मुठीतल्या पंचवीस-तीस ग्रॅम दाण्यांत पेलाभर दुधाइतकी. खेळून झिजलेले स्नायू भरून येतात ते प्रथिनांनी. फुटाणेही तसेच. आपल्या तालमींतील पैलवान काही पुस्तके वाचून खुराक ठरवीत नव्हते; दूध, बदाम, हरभरा यांवर ते तयार झाले. कोल्हापुरास गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची चाल आहे. आपल्या मुलांना पैलवान व्हावयाचे नाही, आणि खेळाच्या मैदानावर म्हैसही बांधता येणार नाही. पण फुटाणे आणि गूळ कोठेही मिळतो.

चिक्की घरी करावी. पाव किलो भाजून सोललेल्या दाण्यांस दोनशे ग्रॅम चिक्कीचा गूळ आणि चमचाभर तूप. पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी वाटीतल्या पाण्यात थेंब टाकावा; तो काढून मोडताना कट् असा आवाज झाला पाहिजे. नुसता वाकला तर आणखी थोडा वेळ ठेवावा, नाहीतर चिक्की दातांना चिकटते आणि मुले ती बोटांनी काढत बसतात. एवढ्यात लहान चौकोनी पंचवीस वड्या होतात. राजगिऱ्याचे लाडू, कुरमुऱ्याचे लाडू, नाचणीचे लाडू हेही याच जातीचे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. वाढत्या हाडांना ते हवेच. मात्र एक सांगते. गूळ म्हणजे औषध नव्हे. गूळही साखरच आहे. "घरचे आहे, गुळाचे आहे" म्हणून चार-चार वड्या देणाऱ्या आयांनी बाटलीवाल्यांना नावे ठेवू नयेत. वडी एक, लाडू लिंबाएवढा.

उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याची कणसे पावसाळ्यात, रताळी थंडीत, हे सगळे उत्तम. ज्या दिवशी कोणाला वेळ असेल त्या दिवशी करावे. वडापावाबद्दल विचारणार हे मला ठाऊक आहे. वडापावाशी माझे वैर नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर तो सुरू झाला आणि गिरणीतून दमून परतणाऱ्या कामगारांची त्याने भूक भागविली. पण तो दहा तास राबलेल्या माणसाचा आधार आहे. सात वर्षांच्या पोराला पळून आल्यावर तळलेले दिले की पोट जड होते, तहान वाढते, आणि रात्री जेवण नको. सहामाहीत एकदा, सगळी मुले मिळून, सुटीच्या दिवशी हौसेने खावा. बिस्किटांच्या पुड्याला आपण फारच सोवळे मानतो. तो मैदा आणि साखर आहे, चहात बुडविला म्हणून त्यात सत्त्व येत नाही.

आता ज्या गोष्टींत कानाडोळा चालणार नाही त्या सांगते. एक म्हणजे दाणे. काही थोड्या मुलांना शेंगदाणा सोसत नाही. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास कोंडतो. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता थेट इस्पितळ गाठावे. त्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीस प्रत्येक आईला विचारून वहीत लिहून ठेवावे, आणि तसे एक जरी मूल असले तरी त्या चमूत दाण्याचा पदार्थ आणूच नये. राजगिरा आहे, फुटाणे आहेत. दुसरे, धाकटी भावंडे. मोठ्याचा सामना पाहावयास तीन वर्षांचे पिल्लू कडेवर येते आणि दाण्याच्या डब्यात हात घालते. चार-पाच वर्षांच्या आतील मुलाला अख्खा दाणा, फुटाणा देऊ नये, श्वासनळीत अडकतो. त्यांना केळे कुस्करून. तिसरे, खाणे बसून. तोंडात घास आणि पायांत पळणे हे एकदम नको. यात मी फार कडक आहे, मुले मला "बसा मावशी" म्हणतात ते त्यामुळेच.

आणि मुलांची घरे निराळी असतात. सिडकोने ही वस्ती वसविली तेव्हा येथे सगळा देश येऊन राहिला. आपल्या एका खोखोच्या चमूत आगरी-कोळ्यांची मुले आहेत, घाटावरची आहेत, मल्याळी, गुजराती, पंजाबी, मुसलमान आहेत. जैन घरातले मूल रताळे-बटाटा खात नाही. रमझानात एखादा बारा वर्षांचा मुलगा रोजा धरून नुसता पाहावयास येतो; त्याच्यासमोर डबा नाचवू नये, त्याचा वाटा बांधून हातात द्यावा, तो सूर्यास्तानंतर खाईल. चतुर्थीला कोणाचा उपास. अंड्याचा तर प्रश्नच काढू नये. शाळांच्या माध्यान्ह भोजनात सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडे द्यावयाचे ठरविले, तेव्हाही न खाणाऱ्यांसाठी केळे ठेवावेच लागले; आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचे पैसे देणे सरकारने बंद केले. फिरून फिरून पुन्हा केळ्यावरच गाडी येते, पाहा! सगळ्यांनी एका रांगेत बसून एकच पदार्थ खावा, निराळा डबा कोणाचा नसावा, हे मला चवीपेक्षा मोठे वाटते. साताऱ्यास १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, त्या काळात त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा विकले. आपणांस कोणी मंगळसूत्र मागत नाही. केळी मागत आहेत.

यानंतर मी ज्या गोष्टीसाठी खरोखर उभी राहिले ती सांगते.

आपण खाऊच्या पाळ्या लावल्या. हेतू चांगला होता. एकीवरच भार नको, दर रविवारी एक आई. पहिल्या रविवारी केळी आली. दुसऱ्या रविवारी केळी आणि बिस्किटे. तिसऱ्या रविवारी खोक्यातला फळांचा रस. चौथ्या रविवारी प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी लावलेली, रेशमी फितीने बांधलेली पिशवी आली. आत चॉकलेट, वेफर, रस आणि एक खेळणे. पाचव्या रविवारी पंधरा मुलांसाठी मोटारसायकलीवरून पिझ्झा आला. यांतील कोणीही वाईट हेतूने केले नाही. लेकरांचे कौतुक करावे असे कोणाला वाटत नाही? अमेरिकेत माझ्या नणंदेची मुलगी असते, ती सांगते की, तिकडेही सामन्यानंतर आळीपाळीने आया पिशव्या आणतात आणि तिकडेही हाच घोळ आहे. पण एकीने फीत बांधली की पुढचीला फितीशिवाय येण्याची लाज वाटते.

सातवी पाळी जिची होती, तिची मुलगी आपल्या खोखोच्या चमूतली सर्वांत चपळ पळणारी. मी नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. खांबाला असा झोका देऊन वळते की पाठलाग करणारी मुलगी पुढे निघून जाते. वडील बाजारात माथाडी आहेत. दिवसभर पाठीवरून फळांच्या पेट्या वाहतात. आई दोन इमारतींत स्वयंपाकाची कामे करते. ही मुलगी पाळीच्या आधीच्या आठवड्यापासून सरावास येईनाशी झाली. पाय दुखतो म्हणाली. पुढल्या आठवड्यातही पाय दुखत होता. मग एके दिवशी दळणाच्या गिरणीत तिची आई भेटली. मी पायाचे विचारले. ती पिठाच्या डब्याकडे पाहत म्हणाली, "ताई, पाय बरा आहे तिचा. पाळी आली आमची. पंधरा पिशव्या मी कुठून आणू? तिनेच ठरवलं, जायचंच नाही म्हणजे आणायला नको."

दहा वर्षांच्या मुलीने आईची अब्रू राखण्यासाठी खेळ सोडला. हे आपल्या मैदानावर झाले आहे, आपल्या मंडळाच्या डोळ्यांदेखत.

यावर दोन सूचना आल्या आहेत. एक, तिची पाळी दुसऱ्या कोणी परस्पर घ्यावी. मला ही सूचना पसंत नाही. मुलांना सगळे कळते; "तुझ्या आईने आणले नाही" हे वाक्य आठ दिवसांत कोणीतरी बोलेल. दुसरी, पिशवीस खर्चाची मर्यादा घालावी. मर्यादा घातली की ती तपासणार कोण? फितीचे पैसे धरावयाचे की नाही? नवे भांडण.

माझे म्हणणे असे की, पाळ्याच काढून टाकाव्यात. मंडळाच्या कपाटात एक बंद डबा ठेवावा, वर फट. महिन्याच्या सभेला ज्या आईला जे टाकावयाचे ते तिने टाकावे. दहा, वीस, दोनशे. नाव लिहावयाचे नाही, पावती नाही, फलकावर यादी नाही. चिटणीसबाई आणि आणखी एक जण मिळून डबा उघडतील, आणि त्या पैशांत मंडळ बाजारातून केळी, दाणे, गूळ आणील. आपल्यापैकी काहीजणी म्हणतील, "न टाकणाऱ्या फुकट्या निघतील." निघू देत दोन. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला तेव्हा माणशी वर्षाला एक पैसा मागितला होता. त्या पैशापैशांतून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. पंधरा मुलांची केळी उभी राहणार नाहीत काय?

काही भगिनींस वाटेल, आम्हाला परवडते, वाढदिवसाला आम्ही हौस करू नये काय? करा की. मोसंबीची पेटी आणा, ती मंडळाच्या टेबलावर ठेवा आणि मंडळाची म्हणून वाटा. मुलांना मोसंबी गोडच लागेल. आणि जी पैसे देऊ शकत नाही तिने कामे करावीत, असाही अर्थ कोणी काढू नये. सरबत करणे, फळे आणणे, शेवटी साली गोळा करणे, याच्या पाळ्या सर्वांस सारख्या राहतील. मोटारीतून येणारीसही साली उचलाव्या लागतील.

जाता जाता आणखी एका चालीविषयी. "जिंकलात तर आईस्क्रीम" असे काही वडीलमंडळी बाहेरून ओरडतात. हरलेली मुले तितकीच पळालेली असतात, तहान त्यांनाही तेवढीच लागते. शिवाजी पार्कावर आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत, आणि सरावात बाद न होता टिकेल त्या फलंदाजाला ते मिळे. सचिन तेंडुलकरांनी तशी तेरा नाणी मिळविली आणि जपून ठेवली. बक्षीस असे असावे. पोटाला बक्षीस करू नये. त्याचप्रमाणे दुसऱ्या सेक्टराचा चमू आपल्याकडे खेळावयास आला तर आधी त्यांना पाणी आणि गूळ-दाणे, मग आपल्या मुलांना. पाहुण्याला गूळपाणी देण्याची आपली रीत आहे, ती मैदानावर का मोडावी?

वर्तमानपत्राच्या कागदावर काही देऊ नये, शाई अन्नाला लागते. सरकारनेही ते मना केले आहे. प्लास्टिकचे पेले २०१८ च्या बंदीपासून चालत नाहीत, तरी अजून कोठून तरी येतातच. प्रत्येक मुलाने घरून आपला पेला आणावा, पेल्यावर नाव कोरलेले असले म्हणजे हरवत नाही. सालींसाठी निराळी बादली. केळ्याच्या सालीवरून खोखो खेळता येत नाही.

जानेवारीच्या शेवटी आपल्या सेक्टरांच्या स्पर्धा आहेत. त्याच्या आधी पाच रविवार मिळतात. या सभेत डब्याचे ठरले, तर मी उद्याच दळण आणावयाच्या निमित्ताने त्या बाईंच्या घरी जाऊन येते आणि पाळ्या बंद झाल्या एवढेच सांगते. बाकी काही बोलण्याचे कारण नाही. मुलगी येईल असे मला वाटते. पहिल्या रविवारसाठी तीन डझन वेलची केळी, पाव किलो दाण्यांची चिक्की आणि तीन लिटर सरबत लागेल. चिक्की मी करते. पातेले मंडळाचे आहे, पण त्याचे झाकण हळदीकुंकवाच्या दिवसापासून सापडत नाही. ज्या कोणाकडे चुकून गेले असेल तिने शनिवारपर्यंत आणून द्यावे.